भिवापूरच्या गोपिकाबाई

अश्विन बोरकुटेनं पहिल्यांदा ‘सरकी’च्या ऑफिसात पाऊल टाकलं, तेव्हा दामिनी त्याच्याशीच फोनवर बोलत होती.

“जिना चढून राहिलो आजी,” तो फोनमध्ये म्हणाला, “आवाज कटला तर रागावू नका.”

“चढ बाबू, चढ. पडू नको म्हणजे झालं.”

आणि तिला त्याचं हसू दोन बाजूंनी ऐकू आलं. एक कानातून, एक दारातून. तिनं वर पाहिलं. दारात ओली छत्री झटकत, कानाला फोन लावून एक उंच, सावळा पोरगा उभा होता. भाद्रपदातला पाऊस त्याच्या भुवयांवरून गळत होता. दामिनीनं बटण दाबून आपला फोन कट केला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर पोटानंच आत लोटला.

“हॅलो… आजी?” पोरगा स्वतःशीच म्हणाला, “गेला कट होऊन.” आणि त्यानं पुन्हा नंबर लावला.

ड्रॉवर घुमायला लागला. जुना बटणाचा फोन तो, लोखंडी ड्रॉवरात असा थरथरला की डब्यात भुंगा कोंडला आहे असं वाटावं. दामिनीला दुसरं काही सुचलं नाही. ती खोकली. जरासं नाही, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली. समोर बसलेल्या भैय्याजींनी, म्हणजे ‘सरकी’च्या संपादकांनी, एका नजरेत सगळं ओळखलं. माणूस लबाड नसता तर इतकी वर्षं मासिक चालवूच शकला नसता. ते लगबगीनं उठले, पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीपर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, वाडीचे बोरकुटे ना, या या, ही आमची दामिनी, अंक हीच जुळवते, पण घसा पार बसला आहे बिचारीचा, डॉक्टरनं एक शब्द बोलायला मनाई केली आहे.

झालं. धडधाकट पोरीला एका वाक्यात मुकी करून टाकलं.

पोरानं हात जोडले. “सांभाळा मॅडम,” तो म्हणाला, आणि खरोखरच काळजीनं म्हणाला. दामिनीनं मान हलवली. आवाजावरून तिनं त्याचं एक रूप मनात करून ठेवलं होतं. हा त्याहून बरा निघाला, हीच तर पंचाईत झाली.

आता हे लफडं कुठून सुरू झालं ते ऐका. शहरातल्या सदर भागात, बाजारात चष्म्याच्या दुकानावर एक खोली. तिच्यात दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि न खपलेल्या अंकांचे भिंतीला टेकलेले गठ्ठे. हे ‘सरकी’ त्रैमासिकाचं ऑफिस. गावागावांतले लोक त्यात लिहायचे. कोणी मास्तर, कोणी ग्रामसेवक, कोणी अंगणवाडीची बाई. मानधन नव्हतं. पण गोष्टीच्या खाली लेखकाचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर छापायची रीत होती. त्या नंबरावर वाचकाचा फोन येईल, तीच लेखकाची कमाई.

फोन यायचा नाही. ‘सरकी’ वाचणारे म्हणजे ‘सरकी’त लिहिणारेच, आणि लिहिणारा माणूस दुसऱ्याचं वाचतो असं ज्याला वाटतं, त्यानं वरमाईच्या तोंडून नवरीची तारीफ ऐकायची आशा धरावी. फोन आला नाही की लेखक रुसायचा आणि लेखक रुसला की त्याच्या अख्ख्या गावची वर्गणी रुसायची. म्हणून भैय्याजींनी तोड काढली. अंक लोकांच्या हाती पडला की दामिनीनं त्या जुन्या फोनवरून एकेकाला लावायचा. कधी काटोलची शिक्षिका व्हायचं, कधी तुमसरची नर्स. गोष्ट भिडली म्हणायचं, एखादं वाक्य वाचून दाखवायचं आणि ठेवून द्यायचं. शिक्षिका आणि नर्स एकाच आवाजात कशा बोलतात, हे आजवर एकाही लेखकानं विचारलं नव्हतं. स्वतःची तारीफ ऐकताना माणसाचं आवाजाकडे कुठे ध्यान असतं?

आणि दामिनीचा आवाज ध्यानात न येण्यासारखा मुळीच नव्हता. जाडा, खरबरीत, गिरणीतून निघाल्यासारखा. फोनवर रिक्षावाले तिला भैय्या म्हणत. एकदा तिला पाहायला मंडळी आली होती. फोटोवरूनच अर्धा होकार होता. चहा देताना तिनं साखर पुरेशी आहे का एवढंच विचारलं. होणारी सासू म्हणाली, सर्दी झाली का वं? दामिनीच्या आईनं खरं ते सांगितलं, की नाही, असाच आहे. चहा संपला आणि पाहुणेही संपले. तेव्हापासून नव्या माणसापुढे ती शक्यतो तोंडच उघडत नसे. समोरच्याचे डोळे कसे बदलतात, ते ती चाखून बसली होती.

अश्विनची पाळी त्याच्या तिसऱ्या गोष्टीनंतर आली, आणि त्याला पहिला फोन लावला तेव्हा तिच्यापुढे जेवणाचा डबा होता आणि डब्याशेजारी भिवापुरी तिखटाची पुडी. म्हणून ती भिवापूरची झाली. गोपिकाबाई हे नाव तोंडात आपसूक आलं. मिरचीचा धंदा आहे म्हणाली, शिकलेली नाही म्हणाली, नात वाचून दाखवते म्हणाली. इथवर ठीक होतं. आता ‘गोष्ट आवडली’ म्हणून ठेवून द्यायचं होतं. पण तिनं त्याच्या सगळ्या गोष्टी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या, आणि मनातलं एक ओठांवर आलंच.

“तिन्ही गोष्टी वाचल्या तुह्या,” ती म्हणाली. “तिन्हीत माय मारली. घरची ठीक आहे ना, बाबू?”

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजले. मग तो हसायला लागला. वाडीला अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो कामाला होता. ट्रक आला, माल उतरला, माल चढला, याची नोंद ठेवायची. त्या दिवशी तो हसता हसता एका पोत्यावर बसला म्हणे.

असे फोन एकदाच व्हायचे. लेखक उलटून कधी फोन करत नाही. त्याला जे ऐकायचं ते ऐकून झालेलं असतं. याचा दुसऱ्याच दिवशी आला. आजी, माय जित्ती ठेवली तर गोष्ट कशी होईन? दामिनीनं सांगितलं, लिहून तर पाहा. मग त्याची ड्यूटी सुटली की फोन यायला लागला. जुना फोन ऑफिसच्या ड्रॉवरातून दामिनीच्या पर्समध्ये गेला तो असा. भैय्याजींनी भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. पोरगा चांगलं लिहायला लागला होता आणि फुकट लिहीत होता.

एका संध्याकाळी तो म्हणाला होता, “खरं सांगू का आजी? तुमचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, आता लिहिणं बंद. कोणी वाचतच नाही, तं कोणासाठी लिहू? साऱ्या दुनियेत तुम्ही एकच आहा, जिले लिहायचं नाही, फक्त वाचायचं आहे.”

दामिनीनं तेव्हा काहीतरी चिडवून वेळ मारून नेली. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

आणि आता तोच माणूस हिशेबात नसलेल्या पाहुण्यासारखा समोरच्या खुर्चीत येऊन बसला होता. त्याला पुस्तक काढायचं होतं. भैय्याजी ‘सरकी प्रकाशन’ म्हणून वर्षाला एखादं पुस्तक काढत. बोलणं झालं, चहा झाला. जाताना त्यानं दारातून मागे वळून पाहिलं. दामिनी त्याच्याच गोष्टीचं प्रूफ तपासत बसली होती, निदान तसं दाखवत तरी होती.

पुस्तकाच्या निमित्तानं तो येत राहिला. कधी ज्येष्ठमधाची कांडी घेऊन, कधी खडीसाखर. एकदा वाडीच्या कोण्या बाबारावांनी दिलेला काढा बाटलीत घालून आणला. तो इतका कडू होता की पिऊन दामिनीचा खरा आवाज जायची वेळ आली. तो टेबलावर ठेवायचा, “घ्या मॅडम” म्हणायचा, ती मान हलवायची. मग तो प्रूफं बघत बसायचा आणि ती अंक. मध्येच डोळे भेटायचे. दोघंही असे दचकायचे की जणू एकाच ताटात हात गेला. त्याच्या गोष्टीत वीज गेलेल्या गोदामात हमाल ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात जेवायला बसतात, असा एक प्रसंग होता. तो वाचताना ती हसली, तर त्यानं मान लांब करून कोणती ओळ ते पाहायचा प्रयत्न केला. तिनं पान तळहातानं झाकलं. तो हसला. पोरीनं बोटं जराशी उघडून त्याला तेवढी ओळ दाखवली.

एकही शब्द न बोलता माणसं किती बोलतात, ते त्या खोलीत बसलेल्या भैय्याजींना विचारा. ते बिचारे संपादकीय लिहायचं सोडून खिडकीतून रस्ता बघत बसायचे.

आणि संध्याकाळी फोन.

“आजी, एक विचारू का?”

“विचार. नाही म्हनलं तं राहशीन का?”

“ते ‘सरकी’त एक पोरगी आहे. दामिनी मॅडम.”

दामिनी तेव्हा बसस्टॉपवर उभी होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू कोणी चोरी पकडली. “बरं मंग?”

“ती बोलत नाही.”

“काहून? भाव खाते का?”

“घसा बसला म्हणे. दीड महिना होऊन राहिला.”

“दीड महिन्यात हत्तीचा घसा उघडते, लेका,” दामिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं जीभ चावली.

“तेच मले वाटते. मले वाटते, ती मुकी आहे आणि भैय्याजी लपवून राहिले. पण वाचताना तिचे ओठ हलतात, आजी. माझंच वाक्य ती ओठांनी वाचत राहते, आणि मी… मी तिकडं पाहत राहतो. मुकी असली तरी चालते मले.”

“चालते म्हणजे?” गोपिकाबाई कडाडल्या. “बैल पाहून राहिला का बाजारात, की एका डोळ्यानं कमी असला तरी चालते? पोरीले असं बोलत असते का?”

पलीकडून तो हळूच म्हणाला, “चुकलो. चालते नाही… आवडते मले ती. अशीच.”

दामिनीची बस आली आणि गेली. ती तिथेच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसानं तिच्यासाठी तो शब्द वापरला होता, आणि तो ऐकायला ती हजर नव्हती. हजर होती एक म्हातारी. शिवाय त्याला जी आवडत होती ती ‘अशीच’ आवडत होती, तोंड मिटलेली. उघडलं की त्याचे डोळेही बदलणार, हे तिनं आधीच धरून ठेवलं. आणि वरून दुसरी हानी, की त्याचा एकुलता एक वाचक भैय्याजींच्या पदरी कामाला आहे, हेही त्याला त्याच वेळी कळणार. एका पोरीच्या दोन ओठांमागे त्याचं लिहिणं आणि तिचं प्रेम, दोन्ही कोंडून पडलं होतं. दामिनीनं ठरवलं, पुढच्या खेपेला सांगून टाकू. खेपेमागून खेप आली, संक्रांतीला तो तिळाचे लाडू घेऊन आला, आणि तिनं पुन्हा मानच हलवली. असं ठरवत ठरवत थंडी सरली.

माघात पुस्तक छापून आलं. अश्विन ऑफिसात आला तो उड्या मारतच. प्रकाशन कोणाच्या हस्ते करायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. कोणी साहित्यिक नको, कोणी प्राचार्य नको. भिवापूरच्या गोपिकाबाईंना स्टेजवर आणायचं. तो रविवारी भिवापूरला जाणार होता, आजीसाठी लुगडं घेऊन, रीतसर आमंत्रण द्यायला. भैय्याजींना हे सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की भैय्याजींनी आपले मिटून घेतले.

तो गेल्यावर भैय्याजी खुर्चीतून उठले, जिन्याखाली पाहून आले आणि दार लावून घेतलं.

“दामिनी,” ते म्हणाले, “गोपिकाबाईले मारून टाक.”

“काय?”

“वय झालंच होतं तिचं. एक फोन करायचा, नात बोलते म्हणून. आजी गेल्या म्हणायचं. मी पुढच्या अंकात चौकट टाकतो, ‘सरकी’च्या सुजाण वाचक हरपल्या. पोरगा दोन दिवस रडन, मंग विसरन. नाही तं बाकीच्या लेखकाइले समजलं तं ‘सरकी’ बंद पडते, बाई.”

“जित्ती बाई मारू म्हणता?”

“अवं, ती जन्मलीच कधी?”

“त्याच्यासाठी जन्मली ना,” दामिनी म्हणाली. “आणि नात कोणत्या आवाजात बोलन? माझ्याजवळ हा एकच आहे.”

भैय्याजींना हे सुचलं नव्हतं. मग दोघांनी मधला रस्ता काढला. गोपिकाबाईंना लेकीकडे धाडायचं, दूर, चांगलं छत्तीसगडात. प्रकाशन उरकलं की बघू. शनिवारी दुपारी दामिनीनं ऑफिसातूनच फोन लावला. बाबू, म्हणाली, उद्या येऊ नको गा, मी लेकीकडं निघून राहिली.

“उद्या कायले,” तो म्हणाला, “मी आजच आलो, आजी. सुटी बदलून घेतली. हा काय, भिवापूरच्या स्टँडवर उभा आहो. पण इथं कोणी तुमचं घरच सांगून नाही राहिलं. तीन गोपिकाबाई भेटल्या, तिघी नाही म्हणतात. तुम्ही निघायच्या आधी पाया पडून घेतो. घर कोठं आहे?”

दामिनीनं डोळे मिटले. त्या परक्या गावात हातात लुगड्याची पिशवी घेऊन, दारोदार आपला एकुलता वाचक शोधत फिरणारा पोरगा तिला मिटल्या डोळ्यांनीही स्वच्छ दिसला.

“तिथंच थांब,” ती म्हणाली. “चहा पी. हलू नको.”

भैय्याजी ‘अवं, अवं’ करत जिन्यापर्यंत आले, तोवर ती रस्त्यावर पोचली होती. गणेशपेठेच्या स्टँडवरून एसटी मिळाली. उमरेड येईपर्यंत तिनं मनात भाषण जुळवलं, उमरेडनंतर ते खोडलं आणि दुसरं जुळवलं. पहिलं वाक्य होतं, मी तुमची अपराधी आहे. दुसरं त्याहून रडकं होतं. खिडकीतून पाहिलं तर पूर्वेकडून आभाळ काळं होऊन येत होतं. माघात असलं आभाळ आलं की शेतकऱ्याच्या घरात कोणी धड जेवत नाही.

भिवापूरला ती उतरली आणि वारा सुटला. तो दिसला, चहाच्या टपरीवर, पिशवी मांडीवर घेऊन. त्यानंही तिला पाहिलं आणि उभाच राहिला. दामिनी मॅडम, इथं? ती त्याच्याकडे निघाली, भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर घेऊन. तेवढ्यात टपटप मोठे थेंब पडले आणि स्टँडमागून आरडाओरडा उठला.

स्टँडमागे मिरचीचा सातरा होता, जिथं मिरची वाळवतात आणि बाया बसून देठं खुडतात ते मैदान. लालभडक मिरची जमिनीवर पसरलेली आणि वरून अवकाळी पाऊस. बाया ताडपत्र्या ओढत धावत होत्या. एक म्हातारी, कांताबाई तिचं नाव, एकटीच एका ताडपत्रीशी झगडत होती आणि वारा तिच्यासकट ताडपत्री उडवायला बघत होता. अश्विन पळत तिकडे गेला. दामिनीही गेली. एक टोक कांताबाईच्या हातात, एक दामिनीच्या, आणि तिसरं धरायचं सोडून हा पोरगा दामिनीकडे टकामका पाहत उभा.

“अरे टोक पकड ना गा! उभा काय राहिला बुजगावण्यासारखा, मिरची भिजून राहिली!”

सारा सातरा दणाणला. दामिनीच्या आवाजाला वाऱ्याची काय मातब्बरी?

अश्विननं टोक पकडलं. पण त्याचे हात पकडत होते आणि तो मात्र तिथे नव्हता. ताडपत्री अंथरून झाली, तिच्यावर दगड ठेवून झाले, सगळे छपरात शिरले, तरी तो तिच्याकडे बघतच होता. मिरचीच्या झोंबणाऱ्या खाटानं सगळ्यांना शिंका आणि डोळ्यांना धारा.

“आजी कोठं आहे?” शेवटी त्यानं विचारलं.

“ही काय,” दामिनी म्हणाली, “उभी आहे.”

जुळवलेलं भाषण मिरचीसारखंच भिजून गेलं होतं. तिनं सरळ सांगितलं, सगळं. भैय्याजींची रीत, काटोलची शिक्षिका, तुमसरची नर्स, तिखटाची पुडी, ड्रॉवरातला फोन. पहिला फोन कामाचा होता हे सांगितलं. बाकीचे कशाचे होते, तिथे आल्यावर तिचा घसा खरोखरच बसला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पिशवीतून लुगडं काढलं, कांताबाईच्या हातात दिलं आणि म्हणाला, म्हाताऱ्या बाईसाठी आणलं होतं, तुम्ही नेसा. कांताबाईनं पदर उलगडून काठ पाहिला, मग या दोघांकडे पाहिलं. भांडण इकडं नि लुगडं मले, म्हणाली, रोज येत जा गा.

पाऊस आला तसाच निघून गेला. परतीच्या एसटीत अश्विन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. दामिनी सर्वांत मागे, एका भाजीच्या टोपलीवाल्या बाईशेजारी. मधे अख्खं गाव बसलं होतं. त्याच्या मानेची मागची बाजू तेवढी तिला दिसत होती आणि त्या मानेवरून काहीच कळत नव्हतं. आता तो लिहिणार नाही, दामिनीच्या मनात आलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण तो लिहिणार नाही.

गाव मागे पडलं आणि तिच्या पर्समध्ये जुना फोन घुमायला लागला.

तिनं पुढे पाहिलं. त्याचा हात कानाशी होता. मान वळली नव्हती.

“हॅलो,” ती म्हणाली.

“आजी,” पलीकडून तो म्हणाला, “लेकीकडं पोचल्या का?”

“पोचली. बोल.”

“एका पोरीनं मले फसवलं.”

“लय?”

“लय. तिच्यापाशी नाही ते बोलून बसलो. तिच्याबद्दल, तिच्यापाशीच. आता लाज वाटून राहिली.”

“तिले नाही का वाटत असन?”

“वाटलीच पाहिजे.” एसटी खडखडत होती. टोपलीवाली बाई कान देऊन बसली होती आणि लपवतही नव्हती. “ती बोलत नव्हती तेव्हा लय चांगली वाटे मले, आजी.”

दामिनीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. आलं ते. येणारच होतं. “आणि आता आवाज ऐकला,” ती म्हणाली.

“आता आवाज ऐकला.”

“मंग?”

“मंग काय… सहा वाजले की मी गोदामाच्या मागं जाऊन बसत होतो, हा आवाज ऐकाले. दिवसभर कोणी काही बोललं की वाटे, हे आजीले सांगू. मले माझीच भीती वाटाले लागली होती. म्हनलं, अश्विन, सत्तर वर्साच्या बाईच्या आवाजावर काहून जीव लावून राहिला बे तू? नजर त्या मुक्या पोरीवर नि कान इकडं. दोन्हीकडं बेइमान.” तो हसला की खोकला, ते कळलं नाही. “आज समजलं, एकच आहे. राग तं आला. पण राग यायच्या आधी, आजी… ताडपत्री धरून उभा होतो ना, तेव्हा पहिले जीव भांड्यात पडला.”

दामिनीनं नाक ओढलं. टोपलीवाल्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, की बोल.

“मिरची गेली का डोळ्यांत?” फोनमधून आलं.

“मिरचीच आहे,” ती म्हणाली.

“एक विचारतो. खरं सांगजा. मी पुन्हा लिहीन की नाही, ते यावर आहे.” आता त्याचा आवाज बदलला. “गोष्टी खरंच वाचल्या होत्या, की भैय्याजीनं सांगतलं म्हणून?”

दामिनी सरळ बसली. इथं मात्र तिला कोणाची भीती नव्हती.

“गोपिकाबाई गेली,” ती म्हणाली. “आता मी बोलून राहिली, दामिनी. तुही एकेक गोष्ट मी टाइप करताना वाचली, प्रूफात वाचली, आणि अंक हाती आला की घरी नेऊन पुन्हा वाचली, त्याचे कोणी पैसे देत नव्हतं. ती गोदामात जेवायची गोष्ट आहे ना, तिच्यासारखी दुसरी ‘सरकी’त मी पाहिली नाही. आणि पुस्तकातली शेवटची, शहर सोडून जाणाऱ्या ड्रायव्हरची, तिचं शेवटचं पान फालतू आहे. तो रडतो काहून? एवढं ट्रक चालवणारा माणूस, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडते का कधी? तू पाहिला का असा एक तरी? हे मी प्रूफं पाहिली त्या दिवशीच सांगणार होती, पण माझा घसा बसला होता.”

एवढ्या मोठ्यानं ती हे बोलली की फोनची गरजच उरली नाही. अर्धी एसटी मागे वळून पाहायला लागली. पुढच्या सीटवरची ती मानही वळली. दामिनीनं डोळे खाली घातले नाहीत. त्याचे डोळे बदलतात का ते तिला पाहायचंच होतं. बदलले. पण तिला वाटलं होतं तसे नाही.

त्यानं फोन खिशात टाकला आणि दांडे धरत, पोत्यांवरून पाय टाकत मागे आला. टोपलीवाली बाई कोणी न सांगता उठली, टोपली डोक्यावर घेऊन त्याच्या रिकाम्या सीटकडे निघाली, आणि जाता जाता म्हणाली, जवाईबापू, त्या ड्रायव्हरले रडवू नका, बाई बरोबर बोलून राहिली.

अश्विन दामिनीशेजारी बसला. दोघांच्या अंगाला मिरचीचा वास होता. त्यानं तिचा हात धरला नाही, नुसता आपला हात सीटवर तिच्या हाताशेजारी ठेवला. ती पाहत राहिली आणि मग तिनंच धरला.

“प्रकाशनाले कोणाले बोलवायचं मंग?” त्यानं विचारलं.

“वाचकाले.”

“ती स्टेजवर बोलन का?”

“बोलन,” दामिनी म्हणाली. “माईक लागणार नाही.”

मग ती ड्रायव्हरच्या गोष्टीवर परत आली. मग त्याआधीच्या गोष्टीवर. किती महिन्यांचं साठलं होतं. उमरेड आलं आणि गेलं, बाहेर भिजलेली शेतं मागे पळत राहिली, कंडक्टरनं दोनदा हळू बोला म्हणून सांगितलं. दामिनी बोलतच होती, आणि पोरगा तिच्या तोंडाकडे बघत, ती जरा थांबली की एवढंच म्हणत होता, “मंग?”